टक्के कशाचे?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम नव्याने सुरू करणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक सल्ला हमखास मिळतो. "स्टॅट्सचं टेन्शन घेऊ नकोस. गाईड बघ, त्यात सांगितलंय तसं घाल आणि खेळ." सल्ला देणारा मनाने चांगला असतो. समोरच्याला आकड्यांनी घाबरवायचं नाही, एवढाच त्याचा हेतू असतो. तरीही माझं म्हणणं आहे की नवख्या खेळाडूला यापेक्षा वाईट सल्ला देता येणार नाही. या सल्ल्यामुळे त्याचे महिने वाया जातात, पुष्कळदा पैसे जातात, आणि आपण खेळतोय त्या गोष्टीतलं आपल्याला काही कळणारच नाही अशी त्याची कायमची समजूत होते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या कोडमधला एखादा आकडा कुठून आला आणि पुढे कुठे जातो हे शोधणं, हा माझ्या नोकरीचा बराच मोठा भाग आहे. त्या सवयीने सांगतो: कॅरेक्टरचं स्टॅट्सचं पान अवघड नसतं, अर्धवट असतं. त्यावर आकडे असतात, पण ते आकडे एकमेकांशी काय करतात हे नसतं. ही अर्धी माहिती नवख्याने स्वतः भरून काढावी, असं कुणी त्याला सांगत नाही. सगळे त्याला उत्तर हातात देतात आणि गप्प बसवतात.

एकच आकडा, दोन अर्थ

गेन्शिन इम्पॅक्टचं उदाहरण घेऊ. २८ सप्टेंबर २०२० ला आलेला हा चिनी गेम फोनवर फुकट उतरवता येतो, त्यामुळे रोल-प्लेइंग गेमशी अनेकांची पहिली ओळख त्यातूनच झाली आहे. यात कॅरेक्टरला पाच आर्टिफॅक्ट घालता येतात: फूल, पीस, वाळूचं घड्याळ, पेला आणि मुकुट. पाच ताऱ्यांचा पेला पूर्ण वीस लेव्हलपर्यंत नेला की त्यावर 'अटॅक ४६.६ टक्के' असं लिहिलेलं असू शकतं, किंवा 'पायरो डॅमेज बोनस ४६.६ टक्के' असं. पायरो म्हणजे आग. तुमचं कॅरेक्टर आगीचं आहे. दोन्ही पेल्यांवर आकडा तोच. कुठला घालाल?

नवखा अटॅकचा घालतो. कारण तो घातला की पानावरचा अटॅकचा आकडा डोळ्यांसमोर वाढतो. आगीचा पेला घातला तर तो आकडा जागचा हलत नाही.

आता हिशोब करू. समजा कॅरेक्टर आणि शस्त्र मिळून मूळ अटॅक ८०० आहे. घड्याळावर अटॅक ४६.६ टक्के आहे, म्हणजे ८०० चे ३७३. पिसाचे सरळ ३११. एकूण १,४८४. आता पेलाही अटॅकचा घातला की पुन्हा ३७३ मिळतात आणि आकडा १,८५७ वर जातो. १,४८४ वरून १,८५७ म्हणजे वाढ झाली २५ टक्के. वस्तूवर ४६.६ लिहिलं होतं, हाती २५ आले. यात फसवणूक नाही, कारण ते टक्के ८०० चे होते. तुम्ही मनात ते १,४८४ चे धरले होते.

आगीचा पेला घातला असता तर? डॅमेज बोनस हा सूत्रात वेगळ्या कंसात बसतो. अटॅकशी त्याची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. दुसरा कुठला डॅमेज बोनस अंगावर नसेल तर आगीचा प्रत्येक फटका पुरता ४६.६ टक्क्यांनी वाढतो. आधीच १५ टक्के बोनस असेल तर १.१५ चे १.६१६ होतात, म्हणजे वाढ ४० टक्के. तरीही २५ पेक्षा कितीतरी जास्त.

नवख्याला जे शिकायचं असतं ते बहुतेक सगळं या उदाहरणात आलं. एका कंसातल्या गोष्टी एकमेकींत मिळवल्या जातात, वेगवेगळे कंस एकमेकांशी गुणले जातात. म्हणून आधीच भरलेल्या कंसात आणखी ओतण्यापेक्षा रिकाम्या कंसात थोडं घातलं तर फळ जास्त. हे दहावीचं गणित आहे. वर्गात ते 'क्ष' आणि 'य' मध्ये आलं म्हणून कंटाळवाणं वाटलं, एवढंच.

आणखी एक गोष्ट याच हिशोबातून निघते. अटॅकचे टक्के मूळ अटॅकवर लागतात आणि त्या मूळ आकड्याचा मोठा हिस्सा शस्त्रातून येतो. नवखा काय करतो? शस्त्र दहा-वीस लेव्हलवर ठेवतो आणि टक्केवाली आर्टिफॅक्ट जमवत फिरतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! गेमच्या पानावर मूळ आकडा पांढऱ्या रंगात आणि वरची भर हिरव्या रंगात वेगळी दाखवलेली असते. म्हणजे आड किती आणि पोहरा किती हे समोर असतं. पण दोन रंग का आहेत, हे विचारायला नवख्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

क्रिटचंही तसंच. क्रिट रेट म्हणजे फटका जोरात बसण्याची शक्यता, क्रिट डॅमेज म्हणजे बसला तर किती जोरात. 'एकास दोन ठेव' हा मंत्र सगळे जपतात. एकास दोनच का? तर आर्टिफॅक्टवर क्रिट रेट एका वेळी जास्तीत जास्त ३.९ टक्के मिळतो आणि क्रिट डॅमेज ७.८. म्हणजे रेटचा एक टक्का सोडला की डॅमेजचे दोन मिळतात. आता तेवढ्याच खर्चात तीन वाटण्या करून बघा. रेट ५० आणि डॅमेज १००: सरासरी फटका दीडपट. रेट २० आणि डॅमेज १६०: १.३२ पट. रेट ७० आणि डॅमेज ६०: १.४२ पट. मधली वाटणी जिंकते. हे एकदा स्वतः केलं की मंत्र पाठ करावा लागत नाही. शिवाय मंत्र कधी मोडायचा तेही कळतं. एखादं शस्त्र किंवा सोबती रेट फुकटात देत असेल तर आर्टिफॅक्टमधून तो मागायची गरज नाही, हे मंत्र सांगत नाही. हिशोब सांगतो.

आणि काही गोष्टी तर तुमच्या पानावर नसतातच. शत्रू तुमच्याच लेव्हलचा असेल तर त्याच्या बचावामुळे तुमचा निम्मा फटका गळतो. त्यावर त्याचा त्या मूलतत्त्वाला असलेला प्रतिकार, समजा १० टक्के, वजा होतो. हिशोबाने हजाराचा फटका असेल तर प्रत्यक्षात ४५० दिसतात. नवख्याला वाटतं आपण कमजोर आहोत.

फासे हातात होते तेव्हा

हे नेहमीच असं नव्हतं. या सगळ्या खेळांचा पूर्वज म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये छापला. टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ. कॅरेक्टरचे सहा गुण: शक्ती, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि छाप. प्रत्येक गुणासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहायची. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १८.

या पद्धतीचा फायदा असा की शक्ती १८ म्हणजे किती मोठी गोष्ट, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिन्ही फाशांवर सहा पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक. खेळाडूने फासे स्वतः टाकलेले असतात, दहा-अकरा सगळ्यांत जास्त वेळा पडतात हे त्याच्या हाताला माहीत असतं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये नियम किचकट झाले. काही वर्षं तर चिलखताचा आकडा जितका लहान तितकं चिलखत चांगलं, असा उलटा कारभार होता. तो २००० साली तिसऱ्या आवृत्तीने सुलटा केला. पण उलटा असला तरी तो पुस्तकात छापलेला होता. लपवून चालणारच नव्हतं, कारण हिशोब करणारी माणसं टेबलावर बसलेली होती. सूत्र माहीत नसेल तर खेळच पुढे सरकत नसे.

मग हिशोब कॉम्प्युटरकडे गेला. सोय झाली, पण सूत्रही त्याच्याबरोबर आत गेलं. बाहेर राहिले नुसते आकडे.

आत गेलेलं सूत्र किती विचित्र असू शकतं याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे रॅग्नारॉक ऑनलाइन. कोरियातला, २००२ चा. यातही सहा स्टॅट्स, प्रत्येक ९९ पर्यंत नेता येणारा. मूळ आवृत्तीत जवळून मारणाऱ्या योद्ध्याला शक्तीतून मिळणारा अटॅक असा निघायचा: शक्तीचा आकडा, अधिक शक्तीला दहाने भागून येणाऱ्या पूर्णांकाचा वर्ग. भागाकारातली बाकी फेकून द्यायची. शक्ती ८० असेल तर ८० अधिक ८ चा वर्ग, १४४. शक्ती ८९ केली तर ८९ अधिक तोच ६४, १५३. म्हणजे नऊ पॉइंट घालून नऊच वाढले. आणि आणखी एक घातला, ९० केली, तर ९० अधिक ८१, १७१. एका पॉइंटने १८.

८९ वर थांबलेला योद्धा आणि ९० वर थांबलेला योद्धा यांच्यात पानावर एकाचा फरक. मैदानात अठराचा. शिवाय पॉइंट वरवर महाग होत जातात आणि चुकीच्या ठिकाणी घातलेले सहज परत घेता येत नसत. ज्याला सूत्र माहीत त्याने दहाच्या पटीत थांबायचं. ज्याला माहीत नाही त्याने ८७ वर समाधान मानून उरलेले नशिबाच्या स्टॅटवर उधळायचे आणि आपलं कुठे चुकतंय हे कधीच न कळता राहायचं.

गाईड म्हणजे जीटी

महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही 'जीटी मारणं' माहीत असतं. ग्लास ट्रेसिंग. पहिल्या वर्षाला ड्रॉइंगची शीट असते. हुशार मुलाची पूर्ण झालेली शीट काचेवर ठेवायची, वर आपली कोरी शीट, काचेखाली दिवा, आणि दिसतील त्या रेषा गिरवायच्या. शीट झकास दिसते, सही मिळते. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "ही रेषा तुटक का आहे?" की पोरगा छताकडे बघतो.

गाईडमधली बिल्ड उचलणं म्हणजे डिट्टो जीटी. अमुक कॅरेक्टर, अमुक शस्त्र, अमुक चार आर्टिफॅक्ट, क्रिट इतका, रिचार्ज इतका. रेषा सगळ्या बरोबर. पण गाईड लिहिणाऱ्याकडे असलेलं शस्त्र तुमच्याकडे नाही, त्याच्या सोबत्यांपैकी तीन तुमच्याकडे नाहीत, त्याची लेव्हल ९० आणि तुमची ३५. एक रेषा हलली की पुढच्या सगळ्या हलवाव्या लागतात, आणि त्या कुठे हलवायच्या हे गिरवणाऱ्याला कळत नाही.

याचं साधं उदाहरण नोएल. गेन्शिनमध्ये नवख्यांसाठीच्या पहिल्या सवलतीच्या विशमध्ये हे कॅरेक्टर हमखास मिळतं. डिफेन्स हा स्टॅट डॅमेज करणाऱ्यांसाठी कचरा, हे बहुतेक गाईडांचं ठरलेलं वाक्य. आणि बहुतेक कॅरेक्टरांसाठी ते खरंही आहे. पण नोएलची मोठी चाल तिच्या डिफेन्सचा काही भाग अटॅकमध्ये मिळवते. तिच्यासाठी तो कचरा म्हणजे इंधन. हू ताओचं तसंच, पण एचपीच्या बाबतीत. झोंगलीची ढाल त्याच्या एचपीवर वाढते. एखादा स्टॅट चांगला की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. तुमच्या कॅरेक्टरची चाल कुठला स्टॅट खाते, हे विचारायला हवं. याचं उत्तर गाईडमध्ये शोधायचीही गरज नसते, चालीच्या वर्णनात गेमनेच ते लिहिलेलं असतं. पण गाईड वाचणारा वर्णन कशाला वाचेल?

मी गाईड लिहिणाऱ्यांच्या विरोधात नाही. त्यांतल्या चांगल्यांनी एकेक फटका शेकडो वेळा मारून, नोंदी ठेवून ही सूत्रं शोधून काढली आहेत. ते काम फुकट आणि प्रेमाने केलेलं आहे. माझा राग आहे तो त्या कामाचा शेवटचा रकाना तेवढा कापून नवख्याच्या हातात ठेवण्यावर. ज्याने सूत्र शोधलं त्याला त्यातून आनंद मिळाला. तोच आनंद नवख्याला 'तुला काय करायचंय' म्हणून नाकारायचा, हा अन्याय आहे.

दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, गेमच तर आहे, एवढं काय? तर 'एवढं' म्हणजे पैसा.

माझा एक मावसभाऊ बारावीत आहे. तो अशाच एका गेममध्ये अडकला होता. मला म्हणाला, "दादा, माझं कॅरेक्टर बेकार आहे. नवीन आलंय ते काढायचंय. वाढदिवसाचे दोन हजार आहेत, टाकू का?" मी त्याला कॅरेक्टरचं पान उघडायला लावलं. शस्त्र अर्ध्या लेव्हलवर. तीन वस्तूंवर त्या कॅरेक्टरच्या कुठल्याच चालीला न लागणारे स्टॅट्स. क्रिट डॅमेज भरपूर आणि क्रिट रेट जवळजवळ नाही, म्हणजे वर्षातून एकदा पावणाऱ्या देवासारखा. तासभर आम्ही होत्या त्याच वस्तूंची अदलाबदल केली, शस्त्राची लेव्हल वाढवली. ज्या राक्षसावर तो दोन आठवडे डोकं आपटत होता तो त्या संध्याकाळी पडला. दोन हजार खिशात राहिले. नवीन कॅरेक्टर काढलं असतं तर त्याने त्याच्याही अंगावर तेच कपडे चढवले असते आणि महिन्याभराने तेही 'बेकार' ठरलं असतं.

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हा या खेळांच्या अर्थकारणाचा पाया आहे. दुखणं असतं स्टॅट्स न कळण्याचं. औषध म्हणून विकली जाते नशिबाची सोडत, जिला खेळाडू गाचा म्हणतात. माझं असं म्हणणं नाही की कुठल्या बैठकीत कुणी कट रचून सूत्र लपवलं. त्याची गरजच नाही. गोंधळलेला खेळाडू सोडतीकडे वळतो हे दिसत असताना गोंधळ दूर करायची घाई कुणाला असेल?

सोडतीतही प्रश्न पुन्हा तोच, टक्के कशाचे. गेन्शिनमध्ये पाच ताऱ्यांचं कॅरेक्टर मिळण्याची एका विशमागची मूळ शक्यता ०.६ टक्के लिहिलेली असते. त्याच पानावर १.६ टक्के हा दुसरा आकडाही असतो. दोन्ही खरे. पहिला एका विशचा. दुसरा, नव्वदाव्या विशला पाच ताऱ्यांचं काहीतरी मिळणारच या हमीसकट काढलेली दीर्घकाळची सरासरी. ज्याच्याकडे पन्नासच विश आहेत त्याने कुठला आकडा धरायचा? पहिला. त्याने हिशोब केला तर पन्नास विशमध्ये एकदा तरी लागण्याची शक्यता येते साधारण २६ टक्के. चारातले तीन जण रिकाम्या हाताने परततात. आणि लागलं तरी पहिल्या वेळी हवं तेच कॅरेक्टर येईल असं नाही.

हे आकडे तरी छापले जातात. ते आपोआप छापले गेले नाहीत. १ मे २०१७ पासून चीनने सोडतीच्या शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अॅपलने आपल्या अॅप स्टोअरवर तसा नियम केला. तरीही जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गेन्शिनच्या वितरकावर आरोप ठेवला की बक्षिसांच्या शक्यता आणि त्यांचा खरा खर्च याबाबत खेळाडूंची, त्यातही मुलांची, दिशाभूल झाली. प्रकरण दोन कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं, आणि सोळा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय अशी सोडत विकायची नाही ही अटही त्यात आली. म्हणजे सरकारं सोडतीच्या टक्क्यांपर्यंत पोहोचली आहेत. ज्या गोंधळामुळे पोरगं सोडतीच्या दारात येतं, त्या टक्क्यांबद्दल अजून कुणी बोलत नाही.

"मजा जाते" म्हणणाऱ्यांना

पहिला आक्षेप ठरलेला: आकड्यांनी खेळाची मजा जाते. हे क्रिकेट बघणाऱ्या देशात म्हटलं जातं, याचं मला नेहमी हसू येतं. शेवटच्या पाच ओव्हरमध्ये चाळीस चेंडूंचं नाही, तीस चेंडूंचं गणित करायचं असतं, आणि आपले आजोबासुद्धा ते चहाचा कप हातात धरून करतात. नेट रन रेटने उपांत्य फेरी हुकली तर अख्खी चाळ भागाकार करत बसते. तिथे कुणी म्हणत नाही की हिशोबाने मजा गेली. हिशोब येतो म्हणून तर शेवटच्या ओव्हरला धडधड होते. ज्याला लागणारा रन रेट कळत नाही त्याला नुसता गोंगाट ऐकू येतो.

दुसरा आक्षेप: मग स्टॅट्सच कमी करा ना. हेही करून झालं आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २०१४ मध्ये 'हिट' आणि 'एक्स्पर्टीज' हे दोन स्टॅट्स काढूनच टाकले. एका मर्यादेपर्यंत ते भरावेच लागत, त्यापुढे निरुपयोगी. त्यामुळे तो निर्णय वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण सोपं करणं आणि समजावून सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. चार स्टॅट्स उरले तरी ते बेरजेत जातात की गुणाकारात, हा प्रश्न उरतोच.

तिसरा आक्षेप कंपन्यांच्या बाजूने येतो: सूत्र उघड केलं तर गूढ संपेल. कुठलं गूढ? जुन्या खेळाडूंना सूत्र दशांशासकट पाठ असतं. ते गुपित फक्त नवख्यापासून राखलं जातं. ज्या गुपिताची झळ सगळ्यांत अजाण माणसालाच बसते, त्याला गूढ म्हणायचं कारण नाही.

माझ्या कामात एखाद्या आकड्याचा स्रोत न सांगता तो स्क्रीनवर दाखवला तर वरिष्ठ कोड परत पाठवतात. 'हा कशाचा टक्का?' एवढंच लिहून. गेम बनवणाऱ्यांकडून मागणी तेवढीच आहे. आकड्यावर बोट ठेवलं की तो कसा बनला ते दिसावं. एखादी वस्तू बदलली की नुसता हिरवा बाण नको, माझ्या नेहमीच्या चालीचा सरासरी फटका किती बदलला ते दिसावं. हिशोब मशीन आत करतंच आहे. छापायला एक ओळ लागते.

तोवर काय

ती ओळ येईपर्यंत नवख्याने गप्प बसायचं कारण नाही. आज संध्याकाळी करता येईल असा प्रयोग सांगतो. रोज भेटणारा एक साधा शत्रू निवडा. एक चाल निवडा. दहा वेळा मारा आणि आकडे वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहा. जोरात बसलेले आणि साधे वेगळे लिहा. मग एकच वस्तू बदला. दोन नाही, एकच. पुन्हा दहा वेळा मारा. आकडे वाढले का? वस्तूवर लिहिलेल्या टक्क्यांइतके वाढले का? नसतील, तर उरलेले कुठे गेले?

त्या शेवटच्या प्रश्नावर थोडा वेळ थांबा. गाईड उघडायचा मोह होईल, उघडू नका. चालीचं वर्णन नीट वाचा, ती कुठला स्टॅट खाते बघा. पांढरा आकडा आणि हिरवा आकडा वेगळे लिहा. बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत उत्तर सापडतं, आणि सापडलं की ते विसरायला होत नाही. मग खुशाल गाईड उघडा. आता तुम्ही त्याच्याशी भांडू शकाल. 'याने रिचार्ज इतका का मागितलाय, माझ्या सोबत्याकडून तर ऊर्जा मिळते,' असं म्हणू शकाल. नव्वद टक्के वेळा गाईड बरोबर निघेल. दहा टक्के वेळा तुम्ही बरोबर निघाल, कारण तुमचं कॅरेक्टर त्याने पाहिलेलं नाही.

आणि तुम्ही जुने खेळाडू असाल, तर पुढच्या वेळी कुणी नवं पोरगं विचारेल की काय घालू, तेव्हा वस्तूचं नाव सांगण्याआधी त्याला एकदा विचारा, तुझी चाल कशावर वाढते? त्याला माहीत नसेल. त्याच्या शेजारी बसा आणि दोघं मिळून वर्णन वाचा. पाच मिनिटं लागतात.